खुणेचा दगड

कोकिळा नाकावर माशी बसू देत नाही, हे रेवदंड्यात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मुलींच्या शाळेतल्या नलूबाईंनी एकदा आपलं जुनं लुगडं तिला देऊ केलं. तिनं ते घेतलं खरं, पण आधी बाईंच्या वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या कांडून दिल्या आणि मगच घडीला हात लावला. बाई म्हणाल्या, "अगं, सहज दिलं होतं." तर ही म्हणते, "सहज दिलेलंच पुढं जड जातं, बाई." एकोणीस वर्षांची पोर, सातवीच्या वर्गात तेरा-चौदा वर्षांच्या मुलींमागे शेवटच्या बाकावर बसणारी, आणि बोलणं असं. बाईंना हसावं की रागवावं कळेना.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. रोह्याकडच्या एका भातशेतीच्या गावातली ती. पंधराव्या वर्षी लग्न झालं, सोळाव्या वर्षी नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी तिला माहेरच्या अंगणात आणून सोडलं. भाऊ सदू तसा वाईट नव्हता. बहीण परत आली म्हणजे शेताला एक बिनपगारी गडी मिळाला, एवढाच त्याचा हिशेब होता. चौथीपर्यंत शिकलेली कोकिळा जेव्हा म्हणाली, मला फायनलला बसायचंय, मास्तरीण व्हायचंय, तेव्हा तो आधी हसला आणि मग भडकला.

"शिकायचं तर तुजं तू बघ. माज्याकडून काय मिलनार न्हाय. आन गेलीस तर ह्यो उंबरा परत चढायचा न्हाय."

कोकिळानं बोचकं बांधलं आणि उंबरा उतरून रेवदंड्याची वाट धरली. त्या काळी सातवीची फायनल पास झालेल्या बाईला खेड्यातल्या शाळेत मास्तरीण म्हणून घेत, कारण शिकलेल्या बाया मिळत कुठं होत्या? आपल्याला कुणीतरी 'बाई' म्हणेल, फळ्यापुढे उभं राहून आपण कमावलेलं खाऊ, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यापुढे तिला दुसरं काही दिसत नव्हतं, आणि माणसाला एकच गोष्ट दिसायला लागली की बाजूचं दिसेनासं होतं, हेही तेवढंच खरं.

नलूबाईंनी तिला अंबाजीच्या वाडीत चिकटवून दिलं. अंबाजी आणि गोदूबाई हे म्हातारं जोडपं, मूलबाळ नाही. माडावरून पडल्यापासून अंबाजी कमरेखाली लुळा झाला होता. तो दिवसभर पडवीत बाजेवर पडून असे आणि तिथूनच सगळी वाडी चालवत असे. वाडी मोठी नव्हती. थोडे माड, थोड्या पोफळी आणि विहिरीजवळच्या वाफ्यात सुपारीची रोपं. ही रोपंच त्या घराचं वर्षभराचं पोट. जून लागला की चौल-नागावचे वाडीवाले येऊन ती घेऊन जात.

ठरलं ते असं. कोकिळानं पहाटे आणि शाळा सुटल्यावर रहाट हाकायचा, पाट वळवून वाफ्यांना पाणी द्यायचं. त्या बदल्यात दोन वेळचं जेवण, माळ्यावर झोपायला जागा आणि अभ्यासाला दिवा. कुणाचे उपकार नाहीत, कुणाची दया नाही. कोकिळाला हे फार आवडलं. पहिल्याच दिवशी तिनं गोदूबाईला सांगून टाकलं, "मावशी, मी काम करून खानार. फुकट घास नको मला." गोदूबाई भोळी बाई. ती म्हणाली, "बरं गो बाय, पन आधी जेव तर."

काळू नावाचा रेडा रहाटाला जुंपलेला असे. डोळ्यांना झापडं बांधून तो गोल गोल फिरे, रहाटाची माळ फिरे आणि लोटे एकामागून एक पन्हळीत रिते होत. झापडं बांधलेल्या जनावराला मागं माणूस आहे हे कळावं लागतं, नाहीतर ते थांबतं. म्हणून रहाट हाकणारा माणूस काहीतरी बोलत, गात, नाहीतर शिव्या देत राहतो. कोकिळा धडे म्हणायची. रहाटाच्या आडव्या दांड्यावर बसून नद्या, घाट, राजांच्या सनावळ्या, पावकी-निमकी असं सगळं ती मोठ्यानं म्हणे आणि काळू इमानानं चाले. पडवीतून अंबाजी ओरडायचा, "ए मास्तरनी, ती कुठली नदी म्हनालीस? परत सांग. रेड्याला समजली, मला न्हाय समजली."

तो खवट होता, पण त्याला तिचं कौतुकही होतं. "तू पास झालीस ना," तो म्हणायचा, "की पैला मीच तुला बाई म्हनीन. आख्ख्या रेवदंड्याच्या आदी. या बाई, बसा बाई." आणि स्वतःच खो खो हसायचा. कोकिळा वरवर फणकारायची, पण रात्री माळ्यावर पडल्यावर ते 'या बाई' तिच्या कानात गोड घुमत राहायचं. सदूच्या तोंडून जे ऐकायला मिळालं नसतं, ते ह्या लुळ्या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकायचं तिनं मनाशी धरलं होतं.

वाडीत आल्याबरोबर अंबाजीनं तिला एक गोष्ट बजावली होती. समुद्र हाकेच्या अंतरावर. विहिरीत वर गोडं पाणी आणि त्याच्या पोटाखाली खारं. उन्हाळ्यात फार उपसा केला की खालचं खारं वर चढतं. म्हणून विहिरीच्या आतल्या अंगाला बापजाद्यांनी एक पांढरा दगड बसवून ठेवला होता. पाणी उतरून तो दगड उघडा पडला की रहाट थांबवायचा. मग वाफा कोरडा राहिला तरी चालेल. विहिरीला दम घेऊ द्यायचा, ती पुन्हा भरते. रोज सकाळी गोदूबाई पन्हळीतलं पहिलं पाणी जिभेवर घेऊन बघायची आणि मगच पाट सोडायची. त्या पट्टीतल्या सगळ्या वाड्यांत असंच करत.

दोन वर्षांत तीन इयत्ता करता करता कोकिळा थकली, वाळली, पण हटली नाही. अडलं ते फक्त गणितापाशी. नद्या तोंडानं म्हणता येतात. काळ-काम-वेगाची गणितं पाटीवर मांडावी लागतात आणि मांडताना माणूस गप्प होतो. ती गप्प झाली की काळू थांबे. पुन्हा ओरडावं तर आकडे विसरत. फायनलच्या आधी महिनाभर तिला यावर एक युक्ती सुचली. घासलेटचा रिकामा डबा तिनं दांड्याच्या मागं बांधला, आत चार खडे टाकले. दांडा फिरला की डबा खडखडायचा. काळूला वाटे मागं माणूस आहे. तो चालत राही आणि कोकिळा पोफळीखाली पाटी घेऊन बसे. आपल्या हुशारीवर ती बेहद्द खूष झाली.

अंबाजी खूष नव्हता. "ह्यो कसला गो खडखडाट?"

"डबा बांधलाय, आबा. त्याच्या आवाजानं काळू चालतो."

"डबा चल म्हनतो, थांब कुठं म्हनतो?" अंबाजी पुटपुटला. "जनावरामागं मानूस असावा." पण परीक्षा जवळ आलेली होती, पोर रात्र रात्र जागत होती. त्यानं विषय सोडून दिला.

परीक्षा अलिबागला होती, तीन दिवस. नलूबाईंच्या बहिणीकडे राहायची सोय झाली होती आणि त्या बदल्यात घरातली भांडी आपण घासू हे कोकिळानं आधीच कबूल करवून घेतलं होतं. तीन दिवस वाडीकडे गोदूबाई बघणार होती. पण तिचे गुडघे धरलेले. तिच्याच्यानं कितीसा रहाट चालणार? म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दुपारी कोकिळानं ठरवलं की आजच वाफे भरपूर भिजवून ठेवायचे. आपल्यामागं कुणाला त्रास नको, कुणी म्हणायला नको की पोर काम टाकून गेली.

गोदूबाई बाजाराला गेली होती. कोकिळानं काळूला जुंपलं, पाट मोकळा केला आणि पोफळीखाली बसली. हौदाला दोन नळ, एक भरणारा, एक रिकामा करणारा. हा प्रकार तिला महिनाभर छळत होता. त्या दुपारी मात्र काहीतरी उलगडलं. एक गणित सुटलं, मग दुसरं, मग तिसरं. ज्याच्यासाठी ती धाय मोकलून रडली होती ते पाटीवर आपोआप मांडलं जाऊ लागलं. डबा खडखडत होता, लोटे रिते होत होते, पाट वाहत होता. तिला इतकं छान कधीच वाटलं नव्हतं.

मान वर केली तेव्हा उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली होती. ती दचकून उठली आणि विहिरीत वाकली. पांढरा दगड पाण्याच्या कितीतरी वर, कोरडा ठणठणीत होता. तिनं काळूला थांबवलं, पन्हळीत बोट बुडवून जिभेवर टेकवलं. पाणी खारं होतं. मचूळ नाही, चांगलं खारं. आणि ते पाणी किती वेळ वाफ्यात जात होतं कोण जाणे. रोपं तर हिरवीगार, ओली, काहीच न झाल्यासारखी उभी होती. खारं पाणी लागलं तरी रोप त्याच दिवशी सांगत नाही. पाच-सहा दिवसांनी टोकं करपायला लागतात.

कोकिळा तिथंच बसली. काय करायचं ते तिला माहीत होतं. लगेच सांगायचं. शेजारच्या वहाबच्या विहिरीचं गोडं पाणी मिळेल तितकं आणून वाफे धुऊन काढायचे. आज, उद्या, परवा, रोज. म्हणजे सकाळची एस. टी. गेली, परीक्षा गेली, वर्ष गेलं. आणि ही रोपं मेली तर पुढच्या वर्षी हे लोक तरी तिला कशाला ठेवून घेतील? मग सदूचा उंबरा. तोही बंद. तिनं डबा सोडवला, अंगणाच्या कोपऱ्यात ठेवला, काळूला बांधलं आणि पाय धुऊन घरात गेली.

गोदूबाईनं परीक्षेला जाणारी पोर म्हणून कोलंबीची आमटी केली होती. कोकिळा मान खाली घालून जेवत होती.

बाजेवरून अंबाजीनं विचारलं, "पानी पुरलं का?"

"पुरलं, आबा."

त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दगड दिसला न्हवता ना?"

कोकिळा पानातला भात कालवत राहिली. सांगावं, आत्ता सांगून टाकावं, असं तिला आतून अगदी वाटलं. "न्हाय, आबा," ती म्हणाली.

"बरं," अंबाजी म्हणाला. "जेव पोटभर. उद्या लवकर उठायचंय."

गोदूबाईनं तिच्या पानात आणखी एक पळी आमटी वाढली. कोकिळानं ती खाल्ली. पहाटे अंधारातच ती बोचकं घेऊन निघाली, गोदूबाईच्या पाया पडली. अंबाजी भिंतीकडे तोंड करून झोपलेला दिसला, म्हणून त्याला उठवलं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

अलिबागचे तीन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. पाणी प्यायला गेली की आधी जिभेचं टोक लावून बघायची. गोडं असायचं, तरी घशाखाली उतरत नसे. मराठीच्या पेपरात ती लिहिता लिहिता थांबायची आणि वाफा डोळ्यांपुढे उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर हातात पडला. पहिल्याच पानावर हौद आणि दोन नळ. तिला तो सुटला, घडाघडा सुटला. आजूबाजूच्या मुली पेन्सिली चावत होत्या आणि ही सगळ्यांच्या आधी पेपर संपवून बसली होती. आनंद व्हायला हवा होता. पण त्या आकड्यांमागं डब्याचा खडखडाट ऐकू येत होता आणि तिला स्वतःचीच किळस आली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रेवदंड्याला उतरली ती जवळजवळ पळतच वाडीकडे निघाली. वाडीच्या फाटकाशी, बेड्यापाशी, वहाब भेटला, शेजारच्या वाडीचा मालक. एरवी हसून बोलणारा माणूस, आज नुसता बघत राहिला.

"आलीस?" तो म्हणाला. "तुज्या मावशीला बघ जाऊन. तीन दिस माज्या विहिरीवरनं हंडे वाहते. या अल्ला, त्या गुडघ्यांनी! मी म्हटलं काकी, मी गडी देतो, तर माजा गडी पन मुंबईला गेलेला. मी नेले दहा-बारा, पन माजी विहीर पन दगडाला टेकलीय. जास्त कुठनं देऊ?"

कोकिळा आत गेली. गोदूबाई चुलीपुढे बसली होती, एक पाय लांब करून. गुडघा टरारून सुजला होता आणि खांद्यावर हंड्याच्या काठाचा वळ उमटला होता. कोकिळाला बघून ती उठायला लागली. "आलीस गो? कसे गेले पेपर?"

कोकिळा तिच्यापाशी खाली बसली. तिनं गोदूबाईचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि ती हमसून हमसून रडली. गोदूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "जगतील गो थोडी. सगळी न्हाय जात." मग हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांच्याकडं जा आता. बोलावतील तवा न्हाय, आपन होऊन जा."

कोकिळा पडवीत आली. अंबाजी उशाला हात देऊन पडला होता. रहाट बंद होता, विहीर दम घेत होती. वाडी एवढी शांत तिनं कधी ऐकली नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "दगड दिसला होता. मी खोटं बोलले."

"ठावं हाय."

"तुमाला..."

"रहाट थांबायच्या वक्ताला थांबला न्हाय, येवढं मला कळत न्हाय व्हय?" अंबाजीचा आवाज चढला नाही, आणि त्याचंच तिला भय वाटलं. "मी वरडलो. गळा फाटस्तवर वरडलो, कोकिळा थांब, कोकिळा थांब. तुजा डबा खडखडत व्हता. घरात कोन न्हाय. ह्या पायांवर उठून मी कसा येनार? बाजेवरनं खाली पडलो. सरपटत खांबापातूर गेलो आन तिथंच ऱ्हायलो. रहाट थांबल्यावर गोदू आली, तवा तिनं मला उचलून बाजेवर ठेवलं."

कोकिळा खांबाला धरून उभी राहिली. त्या वेळी ती पोफळीखाली होती. हौदाचं गणित सुटल्याच्या आनंदात होती.

"मग जेवताना का न्हाय बोललात, आबा? मला का जाऊ दिलंत?"

"मी दोनदा विचारलं तुला," अंबाजी म्हणाला. "म्हटलं, पोर सांगंल. तू सांगितलं असतंस तर मी म्हननार व्हतो, जा, परीक्षेला जा, आमी बघू. ठरवून ठेवलं व्हतं मी. तू न्हाय म्हनालीस, मग मी काय बोलू? तुजं वरीस बुडवून माजी रोपं वाचनार व्हती का?" त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. "आमचं काय फुकट घ्यायचं न्हाय म्हनत व्हतीस ना तू?"

कोकिळा आत गेली आणि तिनं गोदूबाईच्या हातातली पळी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून कोकिळानं वहाबच्या विहिरीवरून हंडे वाहायला सुरुवात केली. वहाब देईल तेवढं पाणी ती आणी, वाफ्यात ओती, परत जाई. गोदूबाईला तिनं चुलीपुढून हलू दिलं नाही. डबा तिनं ठेचून चपटा केला आणि खाडीत फेकून दिला. सहाव्या दिवशी रोपांची टोकं पिवळी पडली, मग तपकिरी झाली. अर्ध्याहून अधिक वाफा डोळ्यांदेखत करपला. विहीर पुन्हा गोडी झाली, तेव्हा तिनं काळूला जुंपलं आणि मागं चालत चालत त्याला आवाज दिला. धडे आता म्हणायचे नव्हते. ती नुसतं 'चल, चल बाबा' म्हणत राहिली.

अंबाजी तिच्याशी वाईट वागला नाही. जेवलीस का विचारी, काळूला पेंड घाल म्हणे. पण 'ए मास्तरनी' अशी हाक त्यानं पुन्हा मारली नाही. जूनमध्ये चौलचे वाडीवाले आले, वाफा बघून मान हलवून परत गेले. उरलेली रोपं कुणीतरी पडेल भावानं नेली. त्या वर्षी गोदूबाईच्या हातातल्या पाटल्या गेल्या. कोकिळानं विचारलं तर म्हणाली, "जड व्हत व्हत्या गो."

निकाल लागला. नलूबाई पेढे घेऊन स्वतः वाडीत आल्या. कोकिळा पास झाली होती आणि गणितात सगळ्या शाळेत पहिली आली होती. काशीदच्या बाजूला एका शाळेत तिला घ्यायचंही जवळजवळ ठरलं होतं. नलूबाईंचा आनंद पोटात मावत नव्हता. गोदूबाईनं देवापुढे साखर ठेवली आणि लंगडत लंगडत वहाबकडे पेढा पोचवून आली.

कोकिळा पडवीत गेली. अंबाजीच्या पायांना, त्या निर्जीव पायांना, हात लावायला ती वाकली. मनाशी तिनं ठरवलं होतं, आज आबा हसतील, आज ओरडतील, निदान शिवी तरी देतील. एक शिवी मिळाली असती तर तिला पुरे होती.

अंबाजीनं हात जोडले. खरे जोडले, गावात कुणी पाहुणा आला की जोडावेत तसे. बाजेवर थोडा सरकून त्यानं पायथ्याला जागा केली.

"या बाई," तो म्हणाला. "बसा."

त्यात थट्टा नव्हती, रागही नव्हता. त्यानं दिलेला शब्द पाळला होता, आख्ख्या रेवदंड्याच्या आधी. कोकिळा उभीच राहिली. ज्या शब्दासाठी तिनं घर सोडलं होतं तो शब्द तिला मिळाला होता, आणि आता त्याच माणसानं एकदा तरी आपल्याला 'ए पोरी' म्हणावं म्हणून तिचा जीव तुटत होता.

"बसा ना," अंबाजी पुन्हा म्हणाला. "उभ्या का ऱ्हायलात?"

ती बाजेच्या कडेला, अगदी टोकाशी, बसली.